प्रत्येक सीटखाली

८ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत. मनातून अजून निघत नाहीयेत.

तुझं इंग्रजी शब्दांचं पुस्तक आमच्या शाळेत लागलं. बसमधल्या पोरांनी त्यातलं एक पान माझ्यापुढे धरलं. चित्रात टोपी घातलेला म्हातारा आणि त्याची डावी भुवई अर्धी. माझ्यासारखी जळकी भुवई दुसऱ्या कुणाची आहे? पोरांनी विचारलं, काका, हे तुम्हीच ना? माझी छाती फुगली. म्हटलं, मीच, आणि लिहिणारी माझी सख्खी पुतणी. इंग्रजी मला रस्त्यावरच्या पाट्यांपलीकडे येत नाही हे तुला ठाऊक आहे. ते पान मी बसच्या आरशाशेजारी चिकटवलं आणि मुलाला सोडायला येणाऱ्या प्रत्येक आईला बोट दाखवून दाखवलं.

मग हेडबाईंनी बोलावून मला अर्थ सांगितला. मुरलेल्या माणसांना आणि फौजेतून परतलेल्यांना इंग्रजीत काय काय म्हणतात, त्याचं ते पान. सीझन्ड, ओल्ड हँड, एक्स-सर्व्हिसमन. सगळं गोड गोड. आणि व्हेटरन या शब्दापुढे तुझं वाक्य, की हा व्हेटरन अजूनही रात्री ओरडत उठतो. आया बिथरल्या. असल्या माणसाच्या हाती आमची मुलं नकोत म्हणाल्या. बाईंनी किल्ली काढून घेतली. फौजेत ट्रक चालवला, इथे बस चालवली, आणि आता मी बस धुतो. वर बाई म्हणतात, तुम्ही आमचे व्हेटरन, वार्षिक कार्यक्रमात तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची देऊ. खुर्ची घेऊन काय करू? मला माझं स्टिअरिंग पाहिजे.

तुझ्या नावाने बोटं मोडणारा, तरी तुझाच,
काका

१५ जुलै

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग माझंही डोकं फिरलं. मी तुमचं नाव कुठे घातलंय? चित्रकाराला फोटो दिला, ती चूक कबूल. पण ते पान आरशाशेजारी लावून दवंडी तुम्हीच पिटलीत. बाकीच्या पुस्तकांत सैनिक म्हटलं की पदक आणि कवायत. घरी परतलेल्या माणसाला काय सोसावं लागतं हे मुलांना कळावं, म्हणून मी ते लिहिलं. अभिमानाने लिहिलं, काका.

राग काढायचा तर हेडबाईंवर काढा. इतकी वर्षं गाडीला ओरखडा नाही, आणि एका वाक्यावरून किल्ली काढून घ्यायची? मी गुरुवारी येऊन त्यांच्याशी भांडणार आहे. काकूला सांगा, माझ्यासाठी स्वयंपाकाचा घाट घालू नको. मला भांडायचं आहे, जेवायचं नाही.

लोभ थोडा पातळ झाला असेल तर होऊ दे, पण आटवू नका.

तुमची,
ठकू

१९ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तू गुरुवारी शाळेत तोफखाना उघडलास आणि परस्पर गाडीत बसून निघून गेलीस. बाईंनी तुला चहा पाजला आणि वाटेला लावलं. इकडे हे अजून पाइप घेऊन चाकं धुताहेत.

मला तुझा राग आलाय, तो वेगळ्याच गोष्टीचा. गेल्या सुट्टीत तू आमच्याकडे राहिलीस. रात्री यांचं ओरडणं ऐकलंस. सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायलीस, पण एका शब्दाने विचारलं नाहीस. गेलीस ती थेट छापूनच मोकळी झालीस. घरातलं माणूस असं वागतं का गं?

आता तरी ऐक. हे ओरडतात ते फक्त 'उतरा, उतरा'. फौजेत असताना यांचा ट्रक पेटला होता. मागे बसलेल्या सगळ्यांना यांनी ओढून काढलं, तिथेच भुवई जळली. एक जण मागे ताडपत्रीखाली झोपला होता. तो यांना दिसला नाही, आतच राहिला. एवढंच आहे, आणि ते घरात माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

पत्राला उत्तर मला नको, त्यांना लिही. माया आहे, म्हणून एवढं बोलले.

काकू

३ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं दोन ओळींचं माफीचं पत्र पोचलं. काकूने तुला सगळं सांगितलं हेही कळलं. तिच्यावर चिडून झालं, आता उरलेला राग तुझ्या वाट्याचा.

मंगळवारी नव्या ड्रायव्हरने बस आवारात लावली, कुलूप घातलं आणि किल्ली फिरवत चहाला निघाला. माझं काम बाहेरून धुण्याचं. तरी मी आत बघायला किल्ली मागितली. तो हसला. म्हणाला, काका, गाडी रिकामी आहे. मी त्याच्या हातातून किल्ली हिसकावली. शेवटच्या सीटखाली एक लहान मुलगी दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती, घामाने निथळत. माझ्या तोंडून तोच शब्द निघाला, मोठ्याने. ती डोळे चोळत उठली, शाळा आली का म्हणाली, आणि उतरली.

बाईंनी मला किल्ली परत दिली, तीही सध्यापुरती म्हणून. सत्काराचं काढलं तेव्हा मात्र माझा तोल गेला. म्हटलं, खुर्ची त्या नव्या ड्रायव्हरला द्या, त्याला बसायची हौस आहे. एक पोर उकाड्यात कोंडलं गेलं, तेव्हा यांना मी दिसलो. त्याआधी तुझं वाक्य तेवढं दिसत होतं.

मी रात्री अजून ओरडतो. ते माझ्या घरात. पुस्तक पुन्हा छापशील तेव्हा व्हेटरनपुढे लिही, की तो रोज प्रत्येक सीटखाली वाकून बघतो. भुवई अर्धीच राहू दे. याचं इंग्रजी तू कर, आणि या खेपेला छापण्याआधी मला वाचून दाखव.

काकू जेवायला बोलावते आहे. ये, भांडण जेवणानंतर करू.

तुझा,
काका