चार घरांच्या बांध्या

नागभीड, डिसेंबर, बुधवार

मी बोलून राह्यली अन् माझी नात सोनी लिहून राह्यली. डोळे पुसून झाले असतीन तर लिही, बाई.

अमेरिकेतल्या कॉलेजनं सोनीले घेतलं. 'घेतलं तर तुमच्याकडंच येईन' असा शब्द आधीच द्यावा लागते, म्हणून तिनं दुसरीकडं अर्जच केला नाई. लग्नाची बोलणीबी इतकी पक्की नसतात! तिकडच्या थंडीसाठी लाल स्वेटरबी आणला. घरची ऐपत पाहून फी माफ करू म्हणत होते. आज कळलं, अर्धीच माफ. काऊन? तर तिच्या बापाच्या नावावर लय बांध्या, लय शेती हाये म्हणे.

आता थोरला म्हणून धानाच्या बांध्या त्याच्या नावावर, पण खातात चार भावांची घरं. सोनीनं हे कॉलेजले फोनवर सांगितलं. ते म्हणाले, कागदावर नाव एकच.

मी म्हटलं, "तीन काकाइलेच पाठव तिकडं, मोजून घेतीन."

"आजी, हेबी लिहू काय?"

"लिही."

हसली नाई. तिचा बाप म्हणते, बांध्या विकतो. मंग ती तीन घरं काय खातीन? सोनीच नको म्हणाली. पैसे पुरत नसले तर दिलेला शब्द सोडवता येते म्हणे; उद्या कॉलेजले 'येत नाई' म्हणून कळवणार. अन् पुढं?

लिहिता लिहिता तोच लाल स्वेटर घालून बसली हाये. घाल बाई. थंडी इथीबी पडते.