रंगीत रिळातलं संत्रं

टोकियो,
नोव्हेंबर १९८७

प्रिय मित्सुगू,

सेटवर तुला कायम ‘तुम्ही’ म्हटलं, सगळे निघून गेल्यावरसुद्धा. आज पत्रात अरेतुरे करते. एकोणीस वर्षांनी एवढा हक्क घेतला तर रागावू नकोस.

तुझं कार्ड मिळालं. ‘आपला सिनेमा शिल्लक असेल तर डोळे आहेत तोवर एकदा येऊन बघीन,’ असं तू लिहिलंस, म्हणून परवा कंपनीच्या गोदामात जाऊन आले. येऊ नकोस, मित्सुगू. राखणदार इवाओसान चहा पुढे करत म्हणाले, “बाई, कृष्णधवल सगळं गेल्या वर्षीच भंगारात गेलं. रंगीत तेवढं ठेवलंय. व्हिडिओवाल्यांना तेवढंच लागतं.”

आपल्या धंद्याचा नेमच तो. ‘फक्त प्रौढांसाठी’चे स्वस्त सिनेमे आणि रंगीत फिल्म महाग, म्हणून गोष्ट कृष्णधवल, अंथरुणातलं तेवढं रंगीत. सात दिवसांत सिनेमा उरकायचा, आणि तू मात्र कागदी दारावरचा उजेड मनासारखा पडेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाहीस. दिवेवाले कुरकुरायचे, “साहेब, लोक काय उजेड बघायला येतात?” तू म्हणायचास, “अरे, बाई कोणाची वाट बघतेय तेच कळलं नाही, तर पुढच्या अंथरुणाला काय अर्थ?” ती बाई मी, जहाजावर गेलेल्या खलाशाची बायको. तिचं जिना उतरून दारापर्यंत येणं, पायताण नीट लावून ठेवणं, सगळं भंगारात गेलं. उरली ती अंथरुणातली नऊ मिनिटं. ती कोणाचीही असू शकतात.

आणि संत्रं. तेवढं वाचलं, कारण ते रंगीत होतं. “संत्रं काळं दिसलं तर ते संत्रं कसलं?” असं म्हणून अंथरुणासाठी राखलेली फिल्म मी संत्रं सोलते त्यावर तू खर्च केलीस. पुरी दोन मिनिटं. मालक ओनोदेरांनी तयार सिनेमा पाहिला आणि त्याच दिवशी तुला घरी बसवलं. परत कोणी तुला कॅमेऱ्याजवळ उभं केलं नाही. तू गावी जाऊन लोकांच्या लग्नाचे फोटो काढू लागलास, मग स्वतःचंही लग्न केलंस. मी आणखी अकरा सिनेमे केले. उजेडासाठी कोणीच थांबलं नाही.

इवाओसाननी टेबलावरच्या यंत्रावर ते रीळ फिरवून दाखवलं. रंग विटलाय, माझा चेहरा गुलाबी पडलाय, पण संत्रं अजून संत्र्यासारखं दिसतं. मी तिथेच रडले. तो तुकडा मला द्या म्हटलं, तर म्हणाले, कंपनीचा माल, देता येत नाही. सोमवारी तोही कापून टाकणार. “व्हिडिओत नको म्हणतात, बाई. त्यात काही घडतच नाही.”

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल, म्हणून आज लिहिते. आपला कॅमेरा जात्यासारखा घरघरायचा, सेटवरचं बोलणं कोणाला ऐकू यायचं नाही, आवाज नंतर भरायचा. त्या संत्र्यावर आवाज भरताना तू किती वैतागलास. “फुसाए, वाक्य काय होतं आणि ओठ काय हलवलेत? जुळता जुळेना.” वाक्य होतं, ‘यंदा संत्री गोड आहेत.’ मी माफी मागितली आणि तेच वाक्य कसंबसं त्या ओठांवर बसवलं. खरं तर मी कॅमेऱ्याकडे, म्हणजे तुझ्याकडे बघून म्हणाले होते, “मित्सुगूसान, मला तुमच्याबरोबर घेऊन चला.” नंतर मोठ्याने म्हणायचा धीर झाला नाही. आता माझ्याजवळ कोणी कुठे घेऊन जावं असं काही उरलेलं नाही. पण त्या दोन मिनिटांत काही घडलं नाही असं तू तरी समजू नकोस.

तेव्हापासून तुझीच,
फुसाए