जिन्यात अडकलेली बाज

ती. प्रेमराजभाऊंना,

साष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सारे उभे आहेत, मी थोडा वाकून. तुमचे गुडघे आणि धुळ्याचे पाणी कसे आहे ते कळवा. (फोन वहिनी उचलतात आणि तुम्ही सदैव अंघोळीला गेलेले असता, म्हणून पत्र.)

माय तुमच्याकडे राहायची पाळी संपवून आल्यापासून तुमच्या चांदण्यांचेच सांगते आहे. तिला आता जिना चढवत नाही, म्हणून तुम्ही तिच्या खोलीच्या छताला चमकणाऱ्या प्लास्टिकच्या चांदण्या चिकटवल्या, दिवा मालवला आणि आईची सोय लावून टीव्हीपुढे जाऊन बसलात. थोड्या वेळाने त्या विझत. पुन्हा उजळायच्या तर कोणीतरी येऊन दिवा लावायला हवा. कोणी येत नसे. लहानपणी घरावरच्या उघड्या धाब्यावर झोपताना तिनेच आपल्याला दाखवले होते, सप्तर्षींतल्या चार चांदण्या म्हणजे म्हातारीची बाज आणि मागच्या तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. तुमच्या छतावर तिला बाज सापडली, चोर सापडले नाहीत. मी विचारले, मग चोर गेले कुठे? म्हणाली, "खाले झोपेल शेतस." (खाली झोपलेल्या या चोरांत जळगावचा आपला मधला हितेंद्र आणि मीही आलो, मला वेगळे काढलेले नाही.)

खरे आकाश दाखवावे म्हणून परवा जेवणे झाल्यावर आमच्या मयुरीची आई आणि मी मायला बाजेसकट धाब्यावर न्यायला निघालो. ती वरच्या बाजूला, मी खालच्या. डोक्यावर बाजेचे दोन खूर, तोंडात मारुतीचे नाव. बाहेरच्या जिन्याच्या वळणावर बाज अडकली. वर जाईना, खाली येईना. शेजारचा अभिमन चहा पीत, तिरकी करा, सरळ करा, असे सांगत होता. हात मात्र कपाला. माय तिरप्या बाजेवर निवांत. म्हणाली, "राहू द्या, आठूनच दिसस." देवळातली शेजारती संपेपर्यंत ती तिथूनच चांदण्या दाखवत होती. मला दिसला तो फक्त बाजेचा सुंभ.

वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा,
योगराज

ता. क. मायला पाठीवर घेऊन उतरवले, बाज अजून वळणावरच आहे. वर चढवायला तीन माणसे लागतील. शनिवारी तुम्ही आणि हितेंद्र या.

आणखी ता. क. पत्र मायला वाचून दाखवले. म्हणाली, "त्यासले बलावू नको. बाज उचलाले तिन्ही संगे येतीन तो दिन येगळा शे." तरी याच. फक्त दोघे एका गाडीने येऊ नका, नाहीतर तिला वाटेल, खांदा द्यायलाच आलात.