ढोलावर उडणारी सुई

४ फेब्रुवारी, मंगळवार

मला न विचारता सोनियानं आकारामला घरात आणलं. भाऊ माझा हाय, तिचा न्हाई. एकतीस वर्षं ज्याचं नाव या घरात निघालं न्हाई, त्याला नातीनं पिशवीत घालून आणायचं? साताऱ्याच्या भंगारवाल्याकडं घावली म्हणं — गाण्याची छोटी तबकडी. वर छापलंय, 'आकाराम आणि पार्टी, जत'. धनगरी ओव्या. पोरीला तबकड्यांचा नाद. विश्रामबागेतल्या या घरात निम्मी जागा तिच्या यंत्रांची.

म्हटलं, गुंडाळून ठेव. जेवले न्हाई. मग भूक लागली, जेवले.

५ फेब्रुवारी

लावलीच तिनं. आवाज त्याचाच — उन्हात तापलेल्या पत्र्यासारखा. पर ढोलाचा ठोका पडला की सुई उडती आन् चार कडवी पुढं जाऊन बसती.

सोनियानं समजावलं. सुई ज्या डबीत बसती ती कार्ट्रिज, आन् ती डबी धरती ती दांडी. मऊ बसणीची, लवचिक सुई लावली तर उडत न्हाई, पर तबकडीच्या घासलेल्या रेघेत नुसती खरखर. जुनी ताठ सुई लावली तर गळा मोकळा, पर तिला जड दांडी पायजे. हिच्या यंत्राची दांडी काडीसारखी. ढोल आला की दांडीच थरथरती. आणि प्रत्येक उडीला तबकडीला चरा पडतोय. "आणखी चार-पाच वेळा उडली की तेवढा भाग गेलाच, आज्जी."

गेला तर गेला, म्हटलं.

सात वर्षांमागं त्याच्या गळ्याचं आपरेशन झालं, आवाज कायमचा गेला. घोंगडी इकायला येती त्या बाईनं सांगितलेलं, ते बी सगळं उरकल्यावर. म्हंजे आता त्याचा गळा एवढाच, या तबकडीत.

६ फेब्रुवारी

भांडण कशाचं ते लिवून ठेवते, न्हाईतर लोक काय बी सांगतील. माझ्या लग्नात आईनं माझ्या नावची मेंढी काढली. ती भावाच्या कळपातच ऱ्हायची, तिची पिलं माझी. रीत हाय ती. आकारामनं ट्रॅक्टरसाठी सगळा कळप इकला. मला इचारलं न्हाई. मेंढरांचं दुःख न्हाई. इचारलं न्हाई.

८ फेब्रुवारी

मेढ्यात एकाकडं जड दांडीचं जुनं यंत्र हाय. सोनियानं फोन केला. तो म्हणाला, हात लावू देणार न्हाई. अशा माणसाच्या यंत्राला उंदीर लागतील.

९ फेब्रुवारी

आज माझी चूक झाली. पोरगी आंघोळीला गेली तवा मी दांडीच्या टोकाला तांब्याचा पैसा ठेवला. आमच्या गावचा हाटेलवाला तबकडी उडली की असंच करायचा. सोनिया केस पुसत आली आन् झडप घालून दांडी उचलली.

"नांगर चालवतीस का त्याच्यावर?"

असल्या वजनानं सुई तबकडीत रुतली असती म्हणं. बरं झालं, चालू केलेली नव्हती.

मी म्हटलं, मला शिकवू नको. मी जन्मभर लोकर कातली. जाड लोकरीला हलकी चाती, म्हंजे कातायची काडी, चालत न्हाई, पीळ बसत न्हाई. बारकीला जड लावली तर सूत तुटतं. तुझ्या ताठ सुईला जडपणाच पायजे, मग पुढं वजन चढव आन् मागनं तोल धर. सोनियानं तो पैसा हातात घेतला. मग म्हणाली, "आज्जी, परत सांग."

१० फेब्रुवारी

माझ्या कुंकवाच्या करंड्यात मेण होतं. कुंकू सुटलं, मेण ऱ्हायलं. त्या मेणानं पैसा टोकाला पक्का बसवला. मग सोनियानं दांडीच्या मागचं वजन सरकवून सरकवून तोल लावला. बारक्या काट्यावर सुईचा दाब तीनदा मोजला. आधी तिच्याकडच्या दुसऱ्या एका टाकाऊ तबकडीवर चालवून बघितलं.

मग आकाराम.

ढोल पडला. सुई बसून ऱ्हायली. दुसरा ढोल. तिसरा. पुरी ओवी झाली. माझ्या हातातली भाजी तशीच. सोनिया माझ्याकडं बघत होती. म्हटलं, बघतीस काय, मोबाइलमदी भरून घे. आन् घोंगडीवालीकडनं नंबर घेऊन त्याच्या नातवाला धाड. त्या पोरानं आज्याचा गळा ऐकला नसंल.

इंद्रजित, माझा ल्योक, दारात उभा होता. ओवी संपली तसा आत गेला.

११ फेब्रुवारी

जतवरनं काई न्हाई. मी वाट बघत न्हाई. मोबाइल चार्ज हाय का तेवढं दोनदा इचारलं.

१२ फेब्रुवारी

आकारामच्या नातवाचा, विश्वजीतचा फोन आला. आज्जा तीन बारी ऐकून बसलाय. पाटीवर लिवून दावतोय, तेच पोरगं वाचून सांगत होतं: "आपरेशनच्या आदी निरोप धाडला हुता — आवाज हाय तवर एकदा ये. तू का आली न्हाईस?"

मला निरोप न्हाई. इंद्रजितकडं बघितलं. तो खाली बघून म्हणाला, "मामाचा फोन मलाच आलेला, आई. पर त्याचं नाव काढायचं न्हाई, असं तूच बजावलेलं."

खरं हाय. बजावलेलं.

१३ फेब्रुवारी

सकाळी सातची जत गाडी. इंद्रजितला घरात कुणी एक शब्द इचारायचा न्हाई. आकारामला उत्तर मी देणार.