एकालाच मानवणारं घर

२ मार्च

आले एकदाची! सामान उतरवणारे नुकतेच गेले. खोक्यांच्या ढिगात बसून हे लिहितेय, अंग ठणकतंय आणि तरी मन कसं प्रसन्न आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे भिंतीनं वेढलेली छोटीशी फरसबंद जागा. ऊन थेट ओट्यापर्यंत येतं. नळाला पाण्याचा जोर असा, की पहिली बादली माझ्या पायांवरच रिकामी झाली.

घरमालकीणबाई समोरच्याच इमारतीत राहतात. चावी देताना त्यांनी एकच अट घातली. घर एकालाच मानवतं, दुसऱ्या कुणाला आणायचं नाही. मी हसून सांगितलं, बाई, मी अगदी एकटी आहे, नवरा नाही, पोरं नाहीत, पाहुणी म्हणाल तर एक थोरली बहीण, तीही उगवली तर उगवली. त्यांनी मान डोलावली. छटाक तेव्हा तिच्या प्रवासाच्या पेटीत, शालीखाली गाढ झोपली होती. तिला मोजणीत धरायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मांजर काय भाडेकरू असते?

छटाक माझी मांजर. आम्ही वजनकाटे दुरुस्त करणारी माणसं. पिल्लू असताना ती जुन्या कारखान्यात काट्याच्या ताटलीत येऊन बसली आणि आमच्या मालकांनी काटा न बघताच जाहीर केलं, छटाकभर आहे. नाव पडलं ते पडलंच. आता चांगली साडेचार किलोंची बाई झालीय. आई गेल्यावर सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ आटली, ताई तिच्या संसारात परत गेली, तेव्हा माझ्या पायाशी बसायला ही एकटी उरली. तिच्यासाठी मी काहीही करीन, असं लिहिताना मला जराही लाज वाटत नाही.

१० मार्च

नव्या कारखान्यात रुळले. माझं टेबल खिडकीशी आहे, पितळी वजनांची लाकडी पेटी शेजारी. दुकानांतून आलेले काटे तपासायचे, खोटं बोलणाऱ्यांना वठणीवर आणायचं. इथले मिस्त्री तोंडाचे फटकळ पण मनाचे चांगले. म्हणाले, तुमचा हात हलका आहे, काट्यालाही कळत नाही कुणी धरलंय.

रविवार म्हणजे छटाकचं वजन. साडेचारवरून काटा जराही हलला नाही. तिचा शी-शूचा वाळूचा ट्रे न्हाणीघराच्या दाराशी ठेवलाय. ती वाळू उकरते, काम उरकते, पुन्हा झाकते आणि माझ्याकडे अशी बघते, की मीच आगंतुक. खाणंपिणं उत्तम. मलाही भूक कडकडून लागते.

२४ मार्च

साडेचारची चार झाली.

आधी काट्यालाच चोर ठरवलं. कारखान्यातली पितळी वजनं घरी आणून एकेक ठेवून पाहिलं. काटा सच्चा निघाला. छटाकच उतरलीय. पाठीवरून हात फिरवला तर मणके बोटांना लागतात. आणि खाणं मात्र दुपटीनं! ताटली चाटूनपुसून लख्ख. आई असती तर म्हणाली असती, खाल्लेलं अंगी लागत नाही हो हिच्या.

ट्रेचंही काहीतरी बिनसलंय. पूर्वी सकाळी उपसताना वाळूत लिंबाएवढे दोन-तीन गोळे निघायचे. आता मुठीएवढे निघतात, आणि भरपूर. एवढं पाणी ती पिते कधी? वाटी तर भरलेलीच दिसते. काळजी वाटते. उद्या नाही, पण लवकरच डॉक्टरांकडे नेते.

(माझा कामाचा झगा पोटावर आवळतोय. एक रोडावतेय, दुसरी फुगतेय. छान जोडी.)

१ एप्रिल

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. रक्त, लघवी, पोटाचा फोटो, सगळं केलं. साखर नाही, किडनी ठणठणीत, थायरॉईडही नाही, जंत नाहीत. छटाक टेबलावर माझ्या कोपरात डोकं खुपसून बसली होती. बाईंनी ट्रेविषयी बारीकसारीक विचारलं आणि मग म्हणाल्या, हे एका मांजराचं नाही, घरात दुसरं जनावर येतं का? मी नाही म्हटलं. मागच्या दाराला जाळी आहे, खिडक्यांनाही. त्या म्हणाल्या, तरी एकदा नीट बघा.

घरी येऊन कपाटांच्या मागे, पलंगाखाली, सगळीकडे पाहिलं. काही नाही. नुसती वाळू. वाळू मात्र फार पसरलीय. पलंगाखालीसुद्धा.

७ एप्रिल

छटाक तीन किलो.

तिला उतरवलं आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, मोठ्या काट्यावर मी स्वतः उभी राहिले. नोकरीच्या तपासणीत झालेलं माझं वजन मला पाठ आहे. त्यात दीड किलोची भर. तिचं जेवढं गेलं, तेवढंच माझं वाढलं. ग्रॅमचाही फरक नाही. माझा काटा खोटं बोलत नाही, हाच तर माझा धंदा.

परवा मिस्त्री मला बघून म्हणाले होते, नवं घर मानवलेलं दिसतंय तुम्हाला! मी लाजून हसले होते. घरमालकीणबाईंचाही तोच शब्द. मानवतं. एकालाच.

आज मी जेवले नाही. तिच्या वाटणीचं मी खातेय, असं वाटलं.

१२ एप्रिल

उपाशी राहूनही झगा तसाच आवळतोय. ती आणखी घटली. डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. निघताना ती अशी ओरडली, की मी रस्त्यावर उभी राहून रडले.

ट्रे धुतला, उन्हात वाळवला, नवी कोरी वाळू घातली. ती परत आल्यावर तिला सगळं स्वच्छ मिळावं.

१३ एप्रिल

ट्रे वापरलेला आहे.

छटाक घरात नाही. दारं बंद. जाळ्या शाबूत. तरी वाळूत मोठा खड्डा, आणि तो व्यवस्थित झाकलेला.

१५ एप्रिल

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तिथं छटाकचं वजन एका ग्रॅमनंही उतरलं नाही, तिचा ट्रेही चारचौघींसारखा आहे. पण माझ्यावाचून ती ओरडून ओरडून घसा बसवून घेतेय, तेव्हा घेऊन जा म्हणाल्या.

म्हणजे दोष घराचा. मी तरातरा घरमालकीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, दुसरं कोण आणलंत? मांजर, मी म्हटलं. त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, मी सांगितलं होतं तुम्हाला. हे घर दोघांना दोघं राहू देत नाही. एकाचं काढून दुसऱ्याला देतं, आणि दुसऱ्याचं पहिल्याला. मी म्हटलं, तिचं अंग मला मिळतंय, हे दिसतंय मला. मग त्यांनी माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, आणि तुमचं काय कमी होतंय?

काही नाही, असं सांगून आले. काय कमी होणार माझं?

ताईला बोलावते. ती छटाकला घेऊन जाईल. तोवर छटाक माझ्याजवळ. थोडेच दिवस. तिला त्या पिंजऱ्यात ओरडत ठेवणं मला जमलं नाही.

१८ एप्रिल

मिस्त्रींनी माझे हात पाहिले. नखांत वाळू. ट्रे उपसताना लागली असेल, म्हटलं. पण मी उपसते पत्र्याच्या लांब डावानं.

घरी येऊन हात धुवायला न्हाणीघरात गेले. साबण कोरडा. तडकलेला. संडासाच्या भांड्यातलं पाणी आटलंय, कडेला कोळ्याचं जाळं. इथं बरेच दिवस कुणी आलेलं नाही.

मग मी कुठं —

नाही. लिहिणार नाही.

२० एप्रिल

कामाला गेले नाही. ऊन खिडकीत होतं. उन्हातून उठवेना.

ताईचा फोन. उद्या येते म्हणाली. पलीकडून ती धाकटे, धाकटे म्हणत होती आणि मी ऐकत राहिले, ही कुणाला बोलावतेय म्हणून. आईनं ठेवलेलं घरातलं नाव. माझंच. मागाहून आठवलं. दुसरंही आहे, कागदावरचं. ते — पगाराच्या पाकिटावर बघावं लागलं.

छटाक टेबलावर बसून मी लिहिते ते बघते. अक्षरांवरून तिची नजर सरकते. डावीकडून उजवीकडे. हाक मारली तर कान हलवत नाही.

हे कमी होतंय माझं. बाई, हे.

२१ एप्रिल

उजाडलं. ती तळहातात मावते. पितळी ताटलीत ठेवली. छटाक. खरोखरच छटाकभर. श्वास आहे. डोळे माझ्यावर. आईसारखी बघते —

पेटीत घातली, शाल घातली. पेटी दाराशी. दुसरी चावी ताईकडे आहे, मीच पाठवलेली. तिनं पेटी उचलायची, जायचं, मागं बघायचं नाही. चिठ्ठी लिहिलीय, पण अक्षर — ओरखडे नुसते. ताई वाचेल ना. छटाक वाचली पाहिजे. ती बाहेर गेली की भरेल पुन्हा. एवढं झालं की बास. माझं काही होवो.

मी आत. पलंगाखाली. इथं बरं वाटतं. पेन मुठीत धरलंय —

चावी. दार. ताई.

धाकटे, म्हणतेय. अगं धाकटे, आहेस कुठं —

पेटीतून उत्तर आलं. बारीक. पण शब्द होता. ताई, असा —

ताईनं पेटी उचलली. ताई, हीच. घे तिला. जा. मी नाही, ती —

आता लाडानं बोलावतेय. छटाक, ये गं, छटाक —

पेटीत सगळं शांत —

माझे कान टवकारले —

मी आले, मी