बाजूला ठेवलेला गिलास

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. आज वर्गात पुन्हा तो पेपर शिकवायला घेतला, आफ्रिकेतल्या आणि तिथून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांच्या साहित्याचा. लातूरच्या या कॉलेजात तो मीच मागून घेतलाय. एका पोरीनं विचारलं, मॅडम, तुम्ही याच विषयाकडे कशा वळलात? वडील उमरीच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्यामुळे, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

भावकी म्हणत होती बीएड करू द्या, नोकरी लागंल. तुम्ही मात्र मला नांदेडला विद्यापीठात एमएला घातलंत. रविवारी घरी आले की मी तुम्हाला त्या पुस्तकांतलं मराठीत सांगायची. मालकानं नाव बदललेली माणसं, आईपासून तोडून विकलेली लेकरं. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि म्हणायचात, "ही तर आपलीच गोष्ट हाय." मग तुमच्या वडलांचं सांगायचात. स्टँडवरच्या हॉटेलात त्यांच्यासाठी वळचणीला खोचलेली कपबशी, ती त्यांनीच काढायची, त्यांनीच धुवून परत ठेवायची.

एमएला माझ्या वर्गात टांझानियाची एक मुलगी होती. नांदेडात तिला तीन घरमालकांनी खोली नाकारली होती. पुस्तकात तिच्या देशाच्या किनाऱ्याबद्दल काही चुकीचं आलं की ती हसायची आणि आजीची गाणी म्हणून दाखवायची. अर्धा विषय मी तिच्याकडूनच शिकले. मी तिला म्हटलं, चल आमच्या घरी, तिथं तुला कुणी असं वागवणार नाही.

ती घरी आली त्या दिवशी आई धपाटे करतेय, ती चुलीपाशी बसून दह्याबरोबर चार खाते, आई खूश. तुम्ही खुर्चीत पेपर धरून बसलायत, पान मात्र उलटत नाही. जेवणं झाल्यावर तुम्ही आत आलात, तिचा गिलास दोन बोटांनी उचललात आणि बाहेर मोरीच्या दगडावर ठेवलात. आईला हळूच म्हणालात, "हा आपल्यात मिसळू नको." मी कारण विचारलं. "गल्ली बघून राहिली. लई कष्टानं जरा वर आलोत आपण. हिच्यापायी पुन्हा लोकांच्या तोंडी कशाला यायचं?"

ती हात धुवायला दारात आली होती. दोन वर्षांत तिला तेवढं मराठी नक्कीच कळत होतं. तिनं तो गिलास उचलला, नळाखाली धुतला आणि तिथंच पालथा घातला. तुमच्या वडलांनी कपबशी धुतली, तसाच. तुम्ही ते पाहिलंत, आप्पा. पाहून पुन्हा पेपर उघडलात.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. नांदेडला उतरल्यावर एवढंच म्हणाली, "मला सवय आहे. पण तू कबूल केलं होतंस." त्यानंतर ती माझ्या खोलीवर आली नाही. परीक्षा झाल्यावर मायदेशी गेली. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही.

न कळणाऱ्या माणसानं हे केलं असतं तर मी कधीच सोडून दिलं असतं. तुम्हाला कळत होतं. कपबशीची गोष्ट तुम्हाला तोंडपाठ होती, ती फक्त आपल्यापुरती होती. दवाखान्यात शेवटी तुम्ही विचारलंत, "ती तुझी मैत्रीण कशी हाय?" मी मोसंबं सोलत राहिले, बरी असेल म्हटलं. तेव्हा भांडायला हवं होतं. मोरीपाशी तर हवंच होतं, पण तिथंही मी एका प्रश्नावर थांबले.

हा कागद कपाटात जाईल. आईला तो वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. मागच्या महिन्यात कॉलेजातून फोन आला होता, घानाहून एक विद्यार्थिनी आलीय, तुमची वरची खोली रिकामी आहे ना? समोरच्या ओट्यावर शेजारणी बसल्या होत्या. मी म्हटलं, कालच दिली.

खोली रिकामीच आहे, आप्पा.