पिवळा ठिपका

प्रिय ठमे,

पाकिटावर लाल खडूने लिहिलंय ते वाचलंस ना? नसेल तर आधी पाकीट उलटं करून वाच. गाडी जागची हलवायची नाही. उन्हातून सावलीत घ्यायची म्हणून दहा पावलंसुद्धा नाही. शनिवारी त्या दोघी दिवस भरलेल्या बायकांना घेऊन घाट उतरायचा तुझा बेत मला माहीत आहे, तो हे पाकीट घेऊन आलेल्या फुंक्याने गाडीखाली जाऊन हात लावेपर्यंत बंद. किल्ली त्याच्या हातात दे आणि मग हे वाचत बस. हो, दुसरी किल्ली औषधांच्या कपाटात असते ना, तीही दे. मी तुला ओळखून आहे. अक्षर वाकडंतिकडं आलंय, त्याला हसू नकोस. आणि कागद म्हणजे गॅरेजच्या जॉब कार्डांच्या पाठी आहेत, दुसरा कागद शोधायला मला आत्ता सवड नाही. वर तुझ्या आरोग्य केंद्रात फोन लागत नाही हे ठाऊक असून काल सकाळपासून चाळीस वेळा लावला. ती बाई दर वेळी तेच सांगते, संपर्क क्षेत्राबाहेर. शेवटी तिच्याशीच भांडले मी.

काल काय झालं ते सांगते. आपला बेकरीवाला आहे ना, त्याची गाडी तुझ्यासारखीच, तेच मॉडेल, तेवढीच म्हातारी, फक्त तुझी पांढरी आणि त्याची राखाडी. पावाचे ट्रे घेऊन निघाला होता. शाळेसमोरच्या गतिरोधकावर अगदी हळू घेतली, पायी चालणारा माणूस पुढे जाईल इतकी हळू, आणि पुढचं डावं चाक आडवं झालं. गाडी नाकावर बसली. तो म्हणतो, मावशी, चाकाने चक्क मांडी घातली. पाव रस्ताभर. मुलं नुकतीच शाळेत शिरली होती, पाच मिनिटांपूर्वी तिथून रांग गेली होती. कोणाला काही लागलं नाही, हे आधीच सांगून टाकते. क्रेनवाल्याने गाडी थेट माझ्या दारात आणून सोडली, कारण बेकरीवाल्याने त्याला सांगितलं, मावशींनीच बघून दिली होती, त्यांच्याकडेच ने. रागाने नाही गं म्हणाला. विश्वासाने म्हणाला. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खालचा बॉल जॉइंट सुटला होता. तू गॅरेजात रांगलीस, ग्रीस खाल्लंस, आणि मोठी होऊन सुया टोचायला निघून गेलीस, म्हणून तुझ्या भाषेत सांगते. खुब्याचा सांधा असतो तसाच तो. वाटीत गोळी. गाडीचं वजन स्प्रिंगवर, स्प्रिंग खालच्या आर्मवर, आणि आर्म चाकाला धरून ठेवते ती या एका गोळीच्या जोरावर. वरची रबरी टोपी फाटली की धूळ-पाणी आत जातं, वाटी झिजते, गोळी हलायला लागते. आधी केसभर, मग जास्त. चालवणाऱ्याला काही कळत नाही, कळलंच तर वळताना एखादा कट् असा आवाज. आणि मग एक दिवस गोळी वाटीतून बाहेर. त्यानंतर ब्रेक असो, स्टिअरिंग असो, काही कामाचं नाही. शाळेसमोर ते झालं म्हणून नुसते पाव सांडले. तुझ्या घाटात पाचव्या वळणाला कठडासुद्धा नाही.

आता ठिपक्याचं. सुटलेला जॉइंट मी फडक्याने पुसला, तर त्याच्या कडेला माझा पिवळा ठिपका. तुला माहीतच आहे माझी पद्धत. जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ जाईल तितका, म्हणजे स्प्रिंगचा दाब जॉइंटवरून उतरतो. मग टायरखाली पहार घालून उचलायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट जॉइंटच्या फटीवर ठेवायचं. पहार उचलली की सैल गोळी बोटाखाली टिचकी मारते. टिचकी नाही, म्हणजे जॉइंट ठीक. ठीक असेल तरच मी पिवळ्या रंगाचा ठिपका देते, नाहीतर देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. तुझे बाबा लोकांना सांगत सुटायचे, हिच्या बोटात माप आहे, हिला गेज लागत नाही. पाठ धरली तेव्हा त्यांनी गाडीखाली जाणं सोडलं आणि मी खाली गेले ते अजून तिथेच आहे. गावातल्या कुठल्याही गॅरेजात जा, पिवळा ठिपका दिसला की पोरं तिथे पाना लावत नाहीत. मावशींनी बघितलंय, झालं. किती मिरवलं मी या ठिपक्यावर! तूच चिडवायचीस ना, आई, माझ्या कपाळावर पण एक दे, म्हणजे लग्नात कोणी तपासायला नको.

बेकरीवाल्याची गाडी मी ज्या आठवड्यात बघून दिली, त्याच आठवड्यात तुझी. अडीच महिने झाले. तू दोन दिवस राहायला आली होतीस, मी रविवारी सकाळी गाडी आत घेतली. डाव्या जॉइंटची टोपी फाटलेली होती, ती मी बदलली, नवं ग्रीस भरलं, बोट ठेवलं, पहार उचलली. काही नाही. उजवीकडे तेच. काही नाही. दोन्हीकडे ठिपके दिले आणि तुला ऐटीत म्हणाले, जा, अजून वर्षभर बघायला नको. मग गेल्या पंधरवड्यात घाटाखालून तुझा फोन आला, की आई, डावीकडे वळताना कट् होतंय. आणि मी काय सांगितलं? स्टॅबिलायझरचं रबर असेल, चालव. एवढंच. तू तरी शहाणी, फुंक्याला दाखवलीस. त्याने टॉर्च मारला, माझा ठिपका बघितला आणि टॉर्च बंद केला. आज सकाळी मला म्हणाला, मावशी, तुमच्या ठिपक्यावर मी बोट ठेवायचं म्हणजे काय? माझ्या हाताखाली शिकला, आता केस पिकले त्याचे, स्वतःच्या गॅरेजात चार माणसं आहेत, पण अजूनही प्रत्येक नटावर फुंकर मारून मगच बसवतो आणि अजूनही मला घाबरतो. त्याच्या त्या घाबरण्यावरच तू इतके दिवस घाट चढते-उतरतेयस.

आठवतं का, त्याच रविवारी दुपारी तू चहा दिलास? गाळून लगेच दिलेला, स्टीलच्या पेल्यात. तू तुझा पेला पदराने धरला होतास आणि मी उघड्या हाताने धरून तुझ्याशी गप्पा मारत होते. तू म्हणालीस, आई, भाजत नाही का गं? मी म्हणाले, मेकॅनिकचा हात आहे, घट्टे पडलेत. तू माझा हात ओढून उलटा-सुलटा केलास, आणि मी सोडवून घेतला. ग्रीस लागेल म्हणाले. ग्रीस कुठलं, तेव्हाच तर साबणाने धुऊन आले होते. तू नर्स आहेस, तुला तेव्हाच काहीतरी वाटलं होतं, तुझ्या तोंडावर दिसत होतं. पण मी लगेच विषय बदलला, तुझी साडी कशी नेसलीस यावर घसरले. मला विषय बदलता येतो, हे तुलाही ठाऊक आहे.

काल क्रेनवाला गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं. बेकरीवाल्याच्या गाडीचा उजवा जॉइंट अजून शाबूत होता. जॅक लावला, पहार घातली, बोट ठेवलं. काही नाही. डोळे मिटून पुन्हा. काही नाही. मग फुंक्याने दोन वर्षांपूर्वी आणून दिलेला तो डायल गेज काढला, घड्याळासारखं तोंड आणि खाली काडी. तेव्हा मी त्याला फाडून खाल्लं होतं, मला काय आंधळी समजतोस का म्हणून. प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं मी. काडी जॉइंटला टेकवली आणि पहार उचलली. काट्याने दोन पूर्ण फेऱ्या मारल्या आणि वर अर्धी. अडीच मिलिमीटर, ठमे! एवढ्याला आंधळ्यानेसुद्धा जॉइंट फेकून दिला असता. आणि माझं बोट त्याच्यावर, त्याच वेळी, आणि बोटाला पत्ता नाही. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. मग उठून फ्रीजमधला बर्फ आणून मुठीत धरला. पाणी मनगटावरून गळायला लागलं तेव्हा कळलं की तो वितळला.

म्हणजे त्या रविवारी तुझ्या गाडीखाली मला जे "काही नाही" वाटलं, ते जॉइंटचं नव्हतं. माझ्या बोटाचं होतं. आणि खरं सांगू? मला तेव्हाही थोडं कळत होतं. वर्षभर नट हातातून निसटतायत, ब्लाउजचा हुक मी आरशात बघून लावते, वायसर उचलायला चिमटा घेते. तरी बोट ठेवत राहिले आणि ठिपके देत राहिले. काय म्हणावं या बाईला? काल दुपारपासून वही काढून एकेकाला फोन लावतेय, वर्षभरातल्या सगळ्या पिवळ्या ठिपक्यांना. एकूण एकवीस गाड्या. वीस जणांना सांगून झालं, गाडी उभी करा, दुसऱ्याला दाखवा. कोणी ओरडलं, कोणी म्हणालं मावशी चेष्टा करता काय. एकविसावी तुझी, आणि ती तेवढी डोंगरावर.

औषधांची व्हॅन उद्या पहाटे निघते. ड्रायव्हरशेजारी एकच जागा आहे, मागे खोकी. मी आजच पिशवी भरून तयार होते. मग फुंक्या हत्यारांची पेटी घेऊन आला आणि माझ्यापुढे उभा राहिला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वर येऊन करणार काय? जॉइंटवर बोट ठेवणार? ज्याच्या हाताला कळतं त्यानेच ती जागा घ्यायची. डब्यात चार नवे जॉइंट दिलेत, खालचे दोन, वरचे दोन. चार बोल्टांचं काम आहे, तुझ्या अंगणात होईल. जुने निघाले की त्याने ते तुला हातात धरून हलवून दाखवायचे आहेत, असं मी बजावलंय, म्हणजे मी बाऊ करतेय असं तुला वाटणार नाही. त्याआधी कोणाला कळा सुरू झाल्या तर व्हॅन शनिवारपर्यंत वरच आहे, परतताना रिकामी असेल, तिच्यातून आणा. आणि नवे जॉइंट बसले तरी पहिला उतार फुंक्या एकटा रिकाम्या गाडीने उतरेल, तू बायकांना घेऊन व्हॅनमध्ये. यावर वाद नको. त्याच्या पेटीत निळा रंग आहे. माझ्या ठिपक्यांवर खरवडणी फिरवून त्याने स्वतःचा द्यायचा. तो नाही नाही म्हणेल, त्याच्याकडून करून घे.

नुसती चिठ्ठी पुरली असती, ते पाकिटावर लिहिलेलंच आहे. पण चिठ्ठी वाचून तू खाली वाकली असतीस, माझा ठिपका बघितला असतास, आई म्हातारी झाली म्हणाली असतीस आणि निघाली असतीस. तुला थांबवायला हे सगळं सांगण्यावाचून इलाज नव्हता. आणि फोन लागला असता तर मी सांगितलंही नसतं, मला माहीत आहे, मी म्हणाले असते की जरा आवाज येतोय ना, बघून घे, आणि लगेच तुझ्या जेवणावर घसरले असते. म्हणून लिहिलं. खाली आलीस की पहिल्यांदा माझ्याकडे ये, तुझी ती सुयांची पिशवी घेऊन. या वेळी हात ओढून घेणार नाही. मी डोळे मिटून बसेन, तू एकेका बोटाला टोच. कळलं तर हो म्हणेन, नाही कळलं तर नाही म्हणेन. खोटं एकदाही नाही. फक्त तू ये गं नीट.

तुझीच, वाट बघत बसलेली,
आई